पेंग्विन, हत्ती, खेकडा : मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या चिन्हांवरचे प्राणी आले कुठून?

कळफलक

लिनक्स ही संचालन प्रणाली पहिल्यांदा सुरू केली तेव्हाचा काळा पडदा मला अजून आठवतो. वरच्या कोपऱ्यात ४ छोटे पेंग्विन ओळीने बसले होते आणि त्यांच्याखाली अक्षरं भराभर सरकत होती. चारच का, हे पुढे कळलं. प्रोसेसरचे जितके कोअर, तितके पेंग्विन कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काढतं. म्हणजे ती नक्षी नव्हती, यंत्राबद्दलची माहिती होती. तेव्हापासून मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या, चिन्हांवर कुठलाही प्राणी दिसला की हा इथे कसा पोचला, हे शोधल्याशिवाय मला राहवत नाही.

इतक्या वर्षांच्या शोधानंतर माझं मत असं झालंय : बहुतेक ठिकाणी प्राणी आधी आला आणि अर्थ मागाहून त्याला चिकटला.

हत्ती बघा. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या चिन्हावर हत्ती आहे. हत्ती काही विसरत नाही, डेटाबेसनेही विसरू नये, हे कोणालाही पटेल. पण वेबसाइटी लिहायच्या पीएचपी या भाषेचाही हत्तीच आहे आणि त्याचा स्मरणशक्तीशी काहीएक संबंध नाही. व्हँसाँ पोंतिए या चित्रकाराला १९९८मध्ये कागदावर लिहिलेली ती ३ रोमन अक्षरं बाजूने पाहताना त्यांत हत्ती दिसला, इतकंच. तिसरा हत्ती हडूपचा, म्हणजे प्रचंड विदा हाताळणाऱ्या एका प्रणालीचा. ती घडवणाऱ्या डग कटिंग यांच्या लहान मुलाकडे कापसाचा एक पिवळा हत्ती होता आणि त्या मुलाने त्याचं नाव हडूप ठेवलं होतं. कटिंग यांना उच्चारायला सोपा, काहीच अर्थ नसलेला आणि दुसऱ्या कोणी न वापरलेला शब्द हवा होता. तो घरातच सापडला.

एकच प्राणी, पण एक आला स्मरणशक्तीमुळे, दुसरा अक्षरांच्या आकारामुळे आणि तिसरा खेळण्यामुळे. आता हडूपबद्दल सगळे म्हणतात की प्रचंड विदा वाहून न्यायला हत्तीच हवा. बरोबरच आहे, पण नाव ठेवताना ते कोणाच्या मनात नव्हतं.

तुम्हाला ठाऊक असलेल्या प्राण्यांच्या कथा इथे लिहा. ऐकीव असेल तर तसं सांगा.

---

पाणकोंबडी

धागा आवडला. हडूपवरून आठवलं, त्याच्या अवतीभवतीची नावंही त्या खेळण्यातूनच फुटली. हाइव्हच्या चिन्हात धड मधमाशीचं आणि डोकं हत्तीचं. पिग नावाचा एक प्रकल्प. या सगळ्या जनावरांना एका शिस्तीत ठेवणारा तो झूकीपर. आणि माझा सर्वांत आवडता म्हणजे माहूट. इंग्रजीत 'महाउट' असा उच्चार ऐकून कितीतरी दिवस मला तो परका शब्द वाटायचा. मग एकदम उलगडलं की हा तर आपला माहूत! सुरुवातीला तो हडूपवर चालायचा, म्हणजे हत्तीवर बसून त्याला हाकणारा. इथे मात्र अर्थ आधीच ठरलेला होता, नाही का?

---

ओळंबा

पोस्टग्रेसच्या हत्तीचं नाव स्लोनिक. रशियन भाषेत त्याचा अर्थ छोटा हत्ती. त्याच डेटाबेसच्या प्रती अनेक यंत्रांवर ठेवणारी एक प्रणाली आहे, तिचं नाव स्लोनी. तेही रशियनच, स्लोनचं अनेकवचन. एक हत्ती होता, त्याच्या प्रती काढल्या की हत्ती अनेक झाले. प्रतिकृतींच्या प्रणालीला याहून नेमकं नाव सुचणं अवघड आहे. आणि तिला आज्ञा देण्यासाठी जी छोटी भाषा आहे, तिचं नाव पुन्हा स्लोनिक.

---

निशाचर

धागाकर्त्याचं मत मला अर्धंच पटलं. ओपनबीएसडी या संचालन प्रणालीकडे बघा. त्यांचा पफी म्हणजे पफरफिश, संकट दिसलं की अंग फुगवणारा केंड मासा. ब्लोफिश हे त्याच माशाचं दुसरं इंग्रजी नाव, आणि ब्रूस श्नायर यांनी १९९३मध्ये रचलेल्या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीचंही नाव ब्लोफिश. पासवर्ड जपण्यासाठी ओपनबीएसडीच्या विकासकांनी जे बीक्रिप्ट तयार केलं, ते ब्लोफिशवरच उभं आहे. ही प्रणाली सुरक्षेसाठी ओळखली जाते, तिच्या गाभ्यात ब्लोफिश आहे आणि चिन्हावर एरवी शांत पण डिवचलं की हात लावू न देणारा मासा. इथे कुठे अर्थ मागाहून चिकटलाय?

सुरिकाटा घ्या. नेटवर्कवरची घुसखोरी ओळखणारी प्रणाली. सुरिकाटा हे मीरकॅटचं, म्हणजे मुंगसाच्या कुळातल्या एका छोट्या प्राण्याचं, शास्त्रीय नाव आणि बाकीचा कळप चरत असताना मीरकॅटांपैकी एक जण मागच्या पायांवर उभा राहून पहारा देतो. हे काही योगायोगाने जुळलेलं नाही.

---

कळफलक

निशाचर, मुद्दा मान्य. 'बहुतेक' म्हणताना मी घाई केली. मग असं म्हणतो : प्रकल्पाचं काम अगदी नेमकं असेल, पहारा देणं, कुलूप लावणं, वाहून नेणं, तर प्राणी विचार करून निवडलेला असतो. सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या डब्यांत भरून कुठेही चालवू देणाऱ्या डॉकरचा देवमासाही त्यातलाच, पाठीवर कंटेनर रचून निघालेला. पण जिथे सॉफ्टवेअर कशासाठीही वापरता येतं, म्हणजे प्रोग्रामिंगची भाषा किंवा संचालन प्रणाली, तिथे प्राणी माणसांच्या आवडीतून येतो.

लिनक्सचाच बघा. १९९६मध्ये चिन्हाबद्दल चर्चा चालू होती तेव्हा कोणी गरुड सुचवत होतं, कोणी शार्क, वेगवान आणि दरारा असलेले प्राणी. लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांना हवा होता पोटभर हेरिंग मासे खाऊन समाधानाने बसलेला गुबगुबीत पेंग्विन. १९९३मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या प्राणिसंग्रहालयात एका छोट्या पेंग्विनने त्यांच्या बोटाला चावा घेतला होता, आणि तेव्हापासून आपल्याला पेंग्विनचं वेड लागलं असं ते सांगत. लॅरी यूइंग यांनी तो काढला तोही गिंपमध्ये, म्हणजे मुक्त चित्रप्रणालीतच. टक्स हे नाव जेम्स ह्यूज यांनी सुचवलं, टोरव्हाल्ड्स आणि युनिक्स (लिनक्स जिच्या धर्तीवर लिहिलं ती जुनी प्रणाली) यांची अक्षरं जोडून.

एका संचालन प्रणालीने आपली ओळख म्हणून पोट भरून बसलेला प्राणी निवडला, हे मला फार मोठं वाटतं. स्पर्धा नाही, आक्रमण नाही. त्याच्याकडे बघून कोणाला भीती वाटणार नाही.

---

चांदणभूल

डकडीबीचं बदक मला फार आवडतं. बदक उडतं, चालतं, पोहतं, मिळेल त्यावर जगतं, म्हणून सगळीकडे चालणाऱ्या डेटाबेसला ते शोभतं, असं ते स्वतः सांगतात. पण त्याच दमात हेही सांगतात की त्यांच्या एका निर्मात्याकडे विल्बर नावाचं पाळीव बदक होतं. मला वाटतं बहुतेक ठिकाणी असंच घडत असेल. मनात एक प्राणी आधीच असतो आणि कारणं शोधली की सापडतात. त्याने कारणं खोटी ठरत नाहीत.

अवांतर : गिंपच्या चिन्हावर ब्रश तोंडात धरलेला जो प्राणी आहे, त्याचंही नाव विल्बरच. तो कुठला प्राणी, कोल्हा की कुत्रा, यावर लोक वाद घालतात. तो गिंप नावाचाच प्राणी आहे, दुसरा कुठलाही नाही.

---

अर्धविराम

फायरफॉक्स ब्राउझरबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? फायरफॉक्स हे लाल पांडाचं एक इंग्रजी नाव आहे. चिन्हावर मात्र कोल्हा आहे. मग खरं काय?

---

ओळंबा

अर्धविराम, दोन्ही खरं. आधी त्या ब्राउझरचं नाव होतं फिनिक्स. त्या नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क निघाला, म्हणून फायरबर्ड केलं. फायरबर्ड नावाचा एक मुक्तस्रोत डेटाबेस आधीपासून होता, त्यांनी आक्षेप घेतला. म्हणून फेब्रुवारी २००४मध्ये फायरफॉक्स. नाव लाल पांडाचंच, पण चित्र काढायला बसल्यावर जॉन हिक्स यांना जाणवलं की लाल पांडा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतच नाही, आणि 'फॉक्स' वाचलं की कोल्हाच येतो. म्हणून पृथ्वीच्या गोलाला वेढून बसलेला, शेपटीच्या ज्वाळा झालेला कोल्हा. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने लाल पांडाला सोडलं मात्र नाही. २०१०मध्ये अमेरिकेतल्या नॉक्सव्हिल प्राणिसंग्रहालयातल्या लाल पांडाच्या २ पिल्लांचं त्यांनी थेट प्रक्षेपण केलं होतं.

---

जुना_वाचक

सगळ्यांचं वाचत होतो. अर्थाइतकीच महत्त्वाची आणखी एक बाजू आहे, ती मांडतो : हा प्राणी कोणाचा? कोणी काढला हे मी विचारत नाही. तो वापरायची, बदलायची मुभा कोणाला आहे?

फायरफॉक्सचीच पुढची गोष्ट. प्रणाली मुक्त, पण चिन्हाच्या चित्राचा परवाना मुक्त नव्हता. डेबियन या लिनक्सच्या एका वितरणाच्या नियमांत ते बसेना, म्हणून त्यांनी चित्र वगळून नुसतं नाव ठेवलं. मोझिलाचं म्हणणं, नाव वापरायचं तर चित्रासकटच. २००६मध्ये डेबियनने त्याच ब्राउझरला आइसवीझल हे नाव दिलं. आगीऐवजी बर्फ, कोल्ह्याऐवजी वीझल, मुंगसासारखा दिसणारा प्राणी. जवळजवळ १० वर्षं डेबियन वापरणाऱ्यांनी तोच ब्राउझर या नावाने वापरला, २०१६मध्ये समेट झाला आणि फायरफॉक्स परत आला. सॉफ्टवेअरचा मूळ संकेत, म्हणजे कोड, मुक्तच होता. भांडण पेटलं ते प्राण्यावरून.

पर्लचा उंट तसाच. तो पर्लच्या लोकांनी निवडलेला नाही. १९९१मध्ये ओ'रायली प्रकाशनाने या भाषेवर जे पुस्तक काढलं, त्याच्या मुखपृष्ठावर उंट होता. लोक त्या पुस्तकाला उंटाचं पुस्तक म्हणू लागले आणि उंट भाषेलाच चिकटला. कमी पाण्यावर कुठेही तग धरणारा, दिसायला ओबडधोबड पण कामाचा, हा अर्थ इतका चपखल बसला की कोणाला तो मुद्दाम निवडलेला वाटावा. पण पर्लशी जोडलेल्या उंटाचा व्यापारचिन्ह म्हणून हक्क प्रकाशकाकडे. भाषा सगळ्यांची, उंट प्रकाशकाचा. या भाषेच्या पुढच्या पिढीसाठी, आज जिला राकू म्हणतात, पर्लचे जनक लॅरी वॉल यांनी स्वतः कॅमेलिया नावाचं रंगीत फुलपाखरू काढलं. नावात उंटाची आठवण ठेवली आणि प्राणी मात्र आपला घेतला.

आता टक्सचा परवाना बघा. यूइंग यांनी लिहिलं की वापरा, बदला, फक्त कोणी विचारलं तर माझं आणि गिंपचं नाव सांगा. झालं. म्हणूनच टक्सची इतकी रूपं निघाली. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचा खेकडा फेरिस त्याहून पुढे गेला. तो काढणारीने सगळे हक्क सोडून दिले. रस्टचं अधिकृत चिन्ह दातेरी चक्रातलं एक अक्षर आहे, पण ते कितीजणांना आठवतं? रस्ट लिहिणारे स्वतःला रस्टेशियन म्हणवतात, क्रस्टेशियनवरून, म्हणजे खेकड्यांच्या कुळातले. तो खेकडा कोणी लादला नाही. लोकांनी तो उचलला, कारण उचलायला मोकळा होता.

---

कळफलक

जुना_वाचक, हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा मोलाचा आहे. मी इतकी वर्षं हा प्राणीच का, एवढंच विचारत राहिलो. काही प्राणी चिन्हापुरते उरतात आणि काही जिवंत होतात, याचं उत्तर तुमच्या प्रश्नात आहे. गो भाषेच्या गोफरलाही हेच लागू पडतं. रेने फ्रेंच यांनी काढलेला, बटाट्यासारख्या अंगाचा, मोठ्या डोळ्यांचा. परवान्याची अट इतकीच की श्रेय द्या. लोकांनी त्याला अंतराळवीर केलं, शास्त्रज्ञ केलं, पंख लावले, आणि तरी तो ओळखू येतो. प्लॅन ९ या जुन्या संचालन प्रणालीची ससुली, ग्लेंडा, तीही त्यांचीच. दोघांचे डोळे शेजारी ठेवून बघा.

---

पाणकोंबडी

ओ'रायलीचा विषय निघालाय म्हणून. त्यांच्या मुखपृष्ठांवर प्राणी आणले ईडी फ्रीडमन यांनी. सेड, ऑक, व्हीआय ही युनिक्समधल्या आज्ञांची नावं त्यांना विचित्र प्राण्यांच्या नावांसारखी वाटली, म्हणून त्यांनी १९व्या शतकातली कोरीव चित्रं शोधून वापरली. त्याचा परिणाम उलट दिशेनेही झाला. जेम्स डंकन डेव्हिडसन यांना आपल्या जावा सर्व्हरवर कधीतरी असं पुस्तक निघावं असं वाटायचं, म्हणून त्यांनी नावच प्राण्याचं ठेवलं, टॉमकॅट. स्वतःची काळजी स्वतः घेणारा बोका. पुस्तक २००३मध्ये निघालं, पण बोका आधीच दुसऱ्या पुस्तकावर गेलेला असल्यामुळे मुखपृष्ठावर आला हिमबिबट्या.

---

निशाचर

गैरसमजाचंही एक उदाहरण नोंदवून ठेवतो. युनिक्सच्या कुळातल्या बीएसडी या संचालन प्रणालीचा लाल डेमन. शिंगं, शेपटी, हातात तीन दात्यांचा काटा. लोक त्याला सैतान समजतात. मूळ शब्द डीमन, माणसाच्या नकळत पडद्यामागे काम करत राहणारी शक्ती. १९६३च्या सुमारास एमआयटीत तो संगणकात आला, भौतिकशास्त्रातल्या मॅक्सवेलच्या डीमनवरून. रेणू वेगळे करत न थकता बसलेला तो काल्पनिक द्वारपाल. आजही पार्श्वभूमीवर चालणाऱ्या प्रक्रियेला डीमनच म्हणतात. आणि हातातला काटा म्हणजे फोर्क, नवी प्रक्रिया जन्माला घालणारी युनिक्सची आज्ञा. डोक्यापासून पायापर्यंत तांत्रिक अर्थाने भरलेलं चित्र, पण ज्याला माहीत नाही त्याला फक्त शिंगं दिसतात. बीएसडीच्याच कुळातल्या फ्रीबीएसडीने २००५मध्ये स्पर्धा घेऊन शिंगं असलेला एक लाल गोळा अधिकृत चिन्ह म्हणून घेतला. मला जुनाच आवडतो.

---

चांदणभूल

मॅस्कॉट, म्हणजे ओळख म्हणून घेतलेला असा प्राणी, या शब्दाचं मूळही अशाच गूढ शक्तींशी जोडलेलं. फ्रेंच मास्कॉत म्हणजे ताईत, आणि त्याच्या मुळाशी प्रोव्हान्सच्या बोलीतला चेटकिणीचा शब्द. मराठी वर्तमानपत्रांनी त्याला शुभंकर म्हटलं. आधी मला हा शब्द जड वाटायचा, आता वाटतं की मूळ अर्थ त्यात नेमका उतरलाय. जवळ ठेवल्याने भलं होतं, ते.

---

ओळंबा

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त भिडते. २००९मध्ये लिनक्सच्या २.६.२९ आवृत्तीत टक्स नव्हता. त्याच्या जागी होता टुझ, तोंडावर खोटी पिवळी चोच बांधलेला टास्मानियन डेव्हिल. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातली लिनक्स परिषद टास्मानियात होबार्टला भरली होती. तिथल्या या प्राण्यांमध्ये चेहऱ्यावर गाठी येणारा कर्करोग पसरतोय, आणि तो चाव्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. संसर्गाने पसरणारा कर्करोग निसर्गात फार क्वचित सापडतो. हा पहिल्यांदा दिसला १९९६मध्ये, ज्या वर्षी टक्स काढला गेला त्याच वर्षी. परिषदेत त्या प्राण्यांसाठी पैसे गोळा झाले. बडेल गार्बी हे डेबियनचे जुने प्रमुख, त्यांनी त्यासाठी आपली अनेक वर्षांची दाढी पणाला लावली आणि ती उतरवली खुद्द टोरव्हाल्ड्स यांनी.

चिन्हावरच्या प्राण्याने काही काळासाठी आपली जागा एका खऱ्या, मरणाच्या दारात उभ्या असलेल्या प्राण्याला दिली. अर्थ आधी की नंतर, हा वाद इथे मला लहान वाटतो.

---

कळफलक

ओळंबा, हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. आभार.

---

जुना_वाचक

मायएसक्यूएल हा डेटाबेस राहिला. 'माय' हे तो घडवणाऱ्या मोंटी विडेनियस यांच्या मोठ्या मुलीचं नाव, चिन्हावरच्या डॉल्फिनचं नाव साकिला, स्पर्धेतून निवडलेलं, आफ्रिकेतल्या स्वाती भाषेतलं. पुढे त्यांनीच काढलेल्या मारियाडीबी या डेटाबेसला धाकट्या मुलीचं नाव आणि चिन्ह समुद्रसिंहाचं. डॉल्फिनसारखाच पाण्यातला सस्तन प्राणी, पण किनाऱ्यावरही येणारा.

---

अर्धविराम

सगळ्यांना एक विचारायचं आहे. एकाच फाइलच्या अनेक प्रती वेगवेगळ्या फोल्डरांत शोधून दाखवणारी छोटी प्रणाली मी गेली २ वर्षं लिहितोय. वापरणारे थोडेच आहेत, पण त्यांतल्या एकीने विचारलं की याला चिन्ह का नाही. माझ्या मनात खार आहे. खार दाणे एका जागी साठवत नाही, ठिकठिकाणी पुरते आणि त्यांतले काही तसेच राहून जातात. फाइलींचं आपण तेच करतो. हे जुळतं का, की ओढूनताणून वाटतं?

---

निशाचर

छान जुळतं. फक्त क्रिटा या चित्रप्रणालीची किकी नावाची खार आहे, तिच्यासारखी दिसणार नाही एवढं बघा. आणि १६ गुणिले १६ पिक्सेलमध्ये काढून बघा. तिथे शेपटी ओळखू आली तर पुढे जा, नाही आली तर मोठं चित्र कितीही सुंदर असलं तरी उपयोग नाही.

---

चांदणभूल

तोंडात दाणा द्याच. एक तोंडात आणि तसाच दुसरा पायापाशी. दोन सारखे दाणे दिसले की काम कळेल.

---

जुना_वाचक

परवाना पहिल्याच दिवशी ठरवा. चित्र लोकांपर्यंत पोचल्यावर ठरवायला गेलात तर अवघड जातं.

---

अर्धविराम

दोन दाण्यांची कल्पना घेतली. १६ पिक्सेलमध्ये दाणे दिसत नाहीत, पण शेपटी दिसते. चित्र आज मूळ संकेताबरोबर ठेवलंय आणि त्याच फोल्डरात वेगळी परवान्याची फाइल घातली आहे : वापरा, बदला, विचारलं तर नाव सांगा. मागचे पाय मला नीट जमलेले नाहीत. ज्याला जमतील त्याने बदलून पाठवावेत.

---

पाणकोंबडी

पाय मी करते. दोन दिवस द्या.